पाचव्या दिवसाचा टाका

"पाचव्या दिवशी," जानकीबाई म्हणाल्या, आणि खोलीतली तोंडं उतरली.

खाली म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्याच्या गल्लीत हमाल पोती उतरवत होते. पोतं जमिनीला टेकल्याचा धप्प आवाज ठरावीक अंतरानं वर येई, आणि दोन आवाजांच्या मधली शांतता दर वेळी थोडी अधिक जड होऊन परते. मंगळवार होता, दुकान बंद होतं. चारही मशिनींवर पांढरी फडकी घातलेली. कापणीच्या लांब टेबलावर, जिथं एरवी लग्नाच्या कोटांचं कापड पसरलेलं असे, तिथं आज मांजरपाटाची एक पट्टी तेवढी पडली होती. चार बोटं रुंद, दोन्ही टोकांना गुंडाळलेली, वयानं पिवळी पडलेली पट्टी. तिच्या उघड्या भागावर लाल दोऱ्याचे टाके एका ओळीत बसले होते आणि त्यांपैकी शेवटच्या टाक्यावर पावनीचं बोट थबकलं होतं.

कृष्णमूर्ती खिडकीपाशी आपल्या जुन्या खुर्चीत बसले होते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी ही पट्टी कितीदा तरी पाहिली होती, पण ती वाचली जाताना आज पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या आईनं ती सुरू केली होती. गल्लीतल्या विठ्ठलाची अंगी दर एकादशीला ह्याच घरातून शिवून जाई, आणि जी बाई पाळीमुळे बाहेरची असेल तिनं त्या कापडाला, सुईला हात लावायचा नाही हा घराचा नेम. तेव्हा कुठल्या एकादशीला कोण कामाला मिळेल याचा अंदाज घरच्या कर्त्या बाईला आधी हवा. म्हणून ही पट्टी. प्रत्येक सुनेचा एक रंग, दर महिन्याला एक टाका. तो घातला की शेजारी खडूनं तारीख, आणि खडू पुसायच्या आत तीच तारीख पेन्सिलीनं. त्यांच्या बायकोचा, जानकीचा, दोरा निळा होता. त्यांच्या सुनेचा, मृण्मयीचा, लाल.

"न्हाल्यावरच घालायचा टाका," शांतता सहन न होऊन जानकीबाई पुन्हा म्हणाल्या. "पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, मग सुई हातात घ्यायची. त्याआधी कशी घेणार? सासूबाईंनी असंच शिकवलं."

"आणि दवाखान्यात फोन करून जी तारीख कळवत होतीस, जानकीअज्जी, ती ह्याच टाक्याची?" पावनीनं विचारलं.

"हौदु, ह्याचीच. दुसरी कुठली असते?"

पावनीनं बोट उचललं. कृष्णमूर्तींच्या थोरल्या बहिणीची, गोदावरीबाईंची ही नात. इथंच नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मृण्मयीनं तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात मृण्मयीच्या पोटात दुर्बीण घालून बघायचं ठरत होतं, आणि त्याआधी डॉक्टरीणबाईंना वर्षभराच्या तारखा हव्या होत्या.

"मामी, तू स्वतः कधी मोजलं नाहीस?"

मृण्मयीनं मान हलवली. "माझी कन्नड कच्ची, तिथल्या नर्सची इंग्रजी कच्ची. तारखा कळवायचं काम अम्मांनी घेतलं. मला निरोप यायचा, परवा सोनोग्राफी आहे. मला वाटायचं, दिवस डॉक्टरांनी काढलाय." ती थांबली आणि स्वतःशीच कडवट हसली. "आणि ऑफिसात मी दिवसभर काय करते? दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते."

"अगं पण झालं काय, ते कुणी सांगेल का?" गोदावरीबाईंनी कॉफीचा लोटा खाली ठेवला. त्या बेट्टदपुराहून पहाटेच्या बसनं आल्या होत्या, आणि ज्या कामासाठी आल्या त्याला अजून कुणी हात घातला नव्हता. मृण्मयीला मुलासाठी गावच्या डोंगरावरच्या देवाला घेऊन जायचं होतं, दुर्बीण वगैरे घालायच्या आधी. "पाचवा दिवस म्हटल्याबरोबर तोंडं का उतरली सगळ्यांची?"

पावनी टेबलाच्या कडेवर टेकली. "अज्जी, पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्त दिसतं तो दिवस. मोजणी तिथून सुरू होते. बाईचं बीज पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं, आणि सुटल्यावर एखादाच दिवस टिकतं. मामीची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते, म्हणजे बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटणार. डॉक्टर म्हणाल्या, अकराव्या दिवशी या, बीज कितपत वाढलंय ते बघू. आपण अकरा मोजले ते न्हाण्यापासून. मामी तिथं पोचली तेव्हा खरा पंधरावा दिवस होता. घर रिकामं झाल्यावर आपण दार वाजवत होतो."

"म्हणून रिपोर्टात दर वेळी तेच," मृण्मयी हळू आवाजात म्हणाली. "वाढलेलं बीज दिसत नाही. मग गोळ्या. गोळ्यांनीही दिसेना."

"त्यांनी आपल्या तारखेवर विश्वास ठेवला, दुसरं काय? आणि घरी... म्हणजे तुम्हाला दोघांना जे दिवस लिहून दिले होते..." पावनीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तेही बहुतेक उलटून गेलेलेच."

मृण्मयीचा नवरा शरत भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यानं नजर छताकडे नेली, जणू तिथं कुठं जाळं राहिलंय का हे पाहणं आत्ताच निकडीचं होतं.

"लाजतेस काय, नर्स होणार ना तू?" गोदावरीबाई म्हणाल्या. "पण चार दिवसांनी एवढं काय बिघडतं, ते काही माझ्या डोक्यात शिरलं नाही."

तेव्हा कृष्णमूर्ती बोलले. "अक्का, अण्णांची ती पितळी टोकाची टेप आठवते? पहिले चार इंच तुटलेली?"

"आणि त्या इन्स्पेक्टरची पँट!" गोदावरीबाईंचा चेहरा एकदम उजळला. "जमीन झाडत चालला होता बिचारा."

"माप तुटक्या टेपनं घेतलं, कापड चांगल्या टेपनं कापलं. पँट चार इंच लांब. अण्णा दिवसभर कपाळाला हात लावून बसले, म्हणाले, मी तर आकडा बरोबर वाचला होता. तसंच हे. आपण घरच्या टेपनं मापं देत राहिलो, डॉक्टर त्यांच्या टेपनं कापत राहिल्या."

गोदावरीबाई मनापासून हसल्या. पण हसू ओठांवर असतानाच त्यांचे डोळे भावजयीकडे वळले आणि आवाजाची धार बदलली. "म्हणजे जानकी, तुझ्या सोवळ्यापायी पोरीची दोन वर्षं गेली म्हण की."

जानकीबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. चव्वेचाळीस वर्षं कृष्णमूर्ती ती हालचाल ओळखत होते. शब्द सापडला नाही की ही बाई काहीतरी गुंडाळते, नाहीतर उसवते. "वन्सं, मला वाटलं... दिवस म्हणजे सगळीकडे न्हाण्यापासूनच... मी मुद्दाम नाही हो..."

"मुद्दाम नाही, पण सुया कुणाला टोचल्या? तिला."

"आत्या, अम्मांना काही बोलू नका."

मृण्मयीचा आवाज चढला नव्हता, तरी सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ह्या घरात आल्यापासून तिनं वडीलधाऱ्यांचं बोलणं असं मध्येच तोडलं नव्हतं.

"दोन वर्षांत मी दवाखान्यात एकदाही एकटी बसलेली नाही," ती म्हणाली. "अम्मा पाचला उठून डबा करायच्या, आणि माझ्या आधी चपला घालून दारात उभ्या. रक्त घेताना माझा दुसरा हात त्यांच्या हातात असायचा. माझी आई सांगलीहून फोनवर म्हणते, देव देईल तेव्हा देईल. खरं आहे तिचं. पण तोवर हात कुणी धरायचा? चार दिवस चुकले, चुकू देत. एवढी सोबत मला कुठं मिळाली असती?"

जानकीबाईंनी वर पाहिलं नाही. पदराचं टोक मात्र बोटावरून सुटलं. मृण्मयी उठून त्यांच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. दोघींचे खांदे टेकले. कृष्णमूर्तींना वाटलं, दोन कापडं जोडताना आधी अशीच कच्ची धावदोऱ्याची ओळ घालतात. ती कुणाला दिसत नाही, पण पुढची सगळी शिलाई तिच्याच भरवशावर चालते.

"मग आयतु! संपलं!" शरतनं टाळी वाजवली. भिंतीपासून सुटून तो टेबलाशी आला, आणि पस्तिशीच्या त्या देखण्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला मोकळेपणा होता. "ऑपरेशन नको, दुर्बीण नको. पुढच्या महिन्यापासून बरोबर मोजायचं. पावनी, तुला एक ब्लेझर माझ्याकडून. रंग तू सांग."

"आणि तुझी तपासणी?" मृण्मयीनं विचारलं.

शरतचे हात हवेतच राहिले.

तिनं पर्समधून चौघडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. घड्यांवर तो फाटायला आला होता. "डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत लिहून दिला होता. नंतर तीनदा आठवण केली."

"आता कशाला? चूक सापडली ना?"

"एक चूक सापडली."

"म्हणजे दुसरी माझ्यात आहे, असं म्हणायचंय तुला?"

"मला काहीच माहीत नाही, शरत. म्हणून तर तपासायचं."

"मला काय झालंय? रोज व्यायाम करतो. सिगारेट नाही, गुटखा नाही."

"मामा, ते बाहेरून दिसत नाही," पावनी म्हणाली. "मिशीवरून कळलं असतं तर लॅबवाले उपाशी मेले असते."

गोदावरीबाईंना हसू आवरलं नाही. शरत मात्र हसला नाही. पावनीनं स्वर खाली आणला. "हे बघ. मूल होत नाही तेव्हा कारण कधी बाईकडे सापडतं. बीज सुटत नाही, थायरॉइड असतो, नळ्या बंद असतात, गर्भाशयाचं अस्तर भलत्याच जागी वाढतं. जवळजवळ तितक्याच वेळा कारण पुरुषाकडे सापडतं. कधी दोघांकडे थोडं थोडं. कधी कुणाकडेच सापडत नाही. बाईचं तपासायचं तर सुया, नळ्या, भूल. पुरुषाची नमुन्याची एक बाटली. मग सुरुवात कुठून करायला हवी होती?"

"पुरुषाचं कसलं तपासायचं?" गोदावरीबाईंनी हात उडवला. "आमच्या घराण्यात तसलं काही नाही. ह्या माझ्या भावाला, किट्टूला विचार. जानकीला आठ-नऊ वर्षं मूल नव्हतं, पण ते जानकीचं होतं. मी तिला दर वर्षी अनवाणी डोंगर चढवला, तेव्हा कुठं देवानं हिची कूस उघडली. पुरुषाला कुणी बाटली नाही दिली तेव्हा."

कृष्णमूर्तींनी खुर्चीच्या हातांवर बोटं आवळली. हेच वाक्य ते पस्तीस वर्षं ऐकत आले होते: बारशाला, मुंजीला, शरतच्या लग्नाच्या पंगतीत. दर वेळी ते खाली पाहत, एखादा दोरा तोडत, मशिनीचं पायडल जरा जोरात मारत. त्यांनी पत्नीकडे पाहिलं.

जानकीबाई सुनेचा हात थोपटत होत्या. "राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "पुरुषमाणसाच्या जिवाला फार लागतं ते. पुढचे दोन-तीन महिने बरोबर मोजू. बिडु, सोड आता, मग बघू."

आवाज तोच होता. पिरियापट्टणहून म्हैसूरकडे येणाऱ्या बसमधला, खिडकीच्या गजाला डोकं टेकलेल्या तिशीतल्या जानकीचा आवाज. इतक्या वर्षांत त्याला एक सुरकुती पडलेली नव्हती. तेव्हा तो आपल्यावर पांघरूण घालत होता; आज मुलावर घालत होता. आणि त्याच पांघरुणाखाली, कृष्णमूर्तींना लख्ख दिसलं, दुसरी एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन निजणार होती.

ते उठले. टेबलाशी येऊन त्यांनी पट्टीची दुसरी गुंडाळी सोडायला घेतली. मांजरपाट करकरत उलगडलं. लाल टाके सरले, मग कित्येक वर्षांचा कोरेपणा, मग निळ्या टाक्यांची रांग, फिकी, पण एकही टाका निसटलेला नाही. आणि त्या रांगेत एका जागी वीतभर खंड.

"अप्पा, ही माझी जागा ना?" शरतनं विषय बदलण्याच्या घाईनं विचारलं. "अज्जी दाखवायची लहानपणी. टाके थांबले तिथं तू आलास, म्हणायची."

"हो. तू आलास, म्हणून टाके थांबले. त्याच्या आधीचे मोज."

"काय?"

"मोज म्हणतो."

"अहो," जानकीबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात इशारा होता. "सुम्ने, गप्प बसा तुम्ही."

"एकशे चार आहेत," कृष्णमूर्ती म्हणाले. "मी मोजलेत. आठ वर्षं. हा प्रत्येक टाका आईनं हिला शेजारी बसवून घातलाय, आणि दर टाक्याला काहीतरी बोललीय. ते मी त्या मशिनीवर बसून ऐकलंय." त्यांनी घसा खाकरला. "अक्का, मला हर्निया नव्हता."

"काय बोलतोस? ऑपरेशन झालं की तुझं. मी फणसाची भाजी घेऊन आले होते बघायला."

"ऑपरेशन झालं. हर्नियाचं नव्हतं."

गल्लीत पुन्हा पोतं टेकलं. कृष्णमूर्तींनी मुलाकडे पाहिलं नाही. निळ्या टाक्यांकडे पाहत ते बोलू लागले, आणि आपला आवाज एवढा स्थिर कसा, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत राहिलं.

"मला शंका होती. म्हैसुरात कुणाकडे जाणार? ज्या डॉक्टरकडे जावं त्याच्या कमरेचं माप माझ्या वहीत. म्हणून पिरियापट्टणला गेलो. घरी सांगितलं, तंबाखूच्या लिलावाच्या जागी पहारेकऱ्यांचे गणवेश शिवायचेत, मापं घ्यायचीत. तीनदा मापं घेतली मी त्या पहारेकऱ्यांची. तिथं एक म्हातारा डॉक्टर होता. त्यानं मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. म्हणाला, बघ बाबा, एवढ्या उजेडात चार-दोनच हलतायत, तेही वाट चुकल्यासारखे. खालच्या शिरा फुगल्यात, म्हणाला. रक्त साचून राहतं, उष्णता वाढते, बीज टिकत नाही."

"व्हेरिकोसील," पावनी पुटपुटली.

"नाव मला आठवत नाही. शिरा बांधून टाकू म्हणाला. खात्री नाही, पण कित्येकांना गुण येतो. पुढच्या खेपेला हिला बरोबर नेलं, आणि परतीच्या बसमध्ये सगळं सांगितलं. ही खिडकीतून बाहेर बघत होती. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, घरी हर्निया सांगा. सासूबाईंना कळायला नको. माझं काय, मला सवय झालीय."

त्यांनी पट्टीची एक सुरकुती बोटानं सपाट केली.

"आणि मला हलकं वाटलं, शरत. आनंदच झाला म्हण. हिनं माझं ओझं घेतलं याचा आनंद. त्या वर्षीही आईनं हिला डोंगरावर धाडलं, आणि सगळं ठाऊक असून ही अनवाणी गेली. पुढं तू झालास. आई म्हणाली, देवानं वांझ कूस उघडली. भरल्या घरात म्हणाली. मी तेव्हा तुझं झबलं शिवत होतो. मान वर केली नाही."

शरत टेबलाच्या कडेला धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग येऊ पाहत होता, पण कुणावर यावं हे त्याला सापडत नव्हतं. शेवटी तो आईकडे वळला. "अम्मा, खरं हे?"

"जुन्या गोष्टी," जानकीबाई म्हणाल्या. "काय करायच्यात आता."

"मग माझा डोंगर?" गोदावरीबाईंचा आवाज अचानक म्हातारा झाला होता. "आठ वर्षं मी हिला हाताला धरून चढवलं. उन्हात. सगळ्यांना सांगत आले, माझ्या डोंगरानं मूल दिलं म्हणून. तुम्ही दोघं हसला असाल मला."

जानकीबाई उठल्या आणि नणंदेच्या पायांशी जमिनीवर बसल्या. "नाही हो वन्सं. ह्या घरात मला रडायला जागा नव्हती. खाली दुकान, वर सासूबाई. तुमच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत ती कातळाची सावली आहे ना, तिथं तुम्ही मला बसवायचात, आणि पाठ फिरवून चप्पल नसलेल्या पायांतले काटे काढत बसायचात. मुद्दाम. मला कळायचं ते. तेवढ्यात मी रडून घ्यायचे. वर्षाला एकदा. तुम्ही नसतात, तर माझं काही खरं नव्हतं."

गोदावरीबाईंनी नाक ओढलं. "काटे खरेच असायचे," त्या म्हणाल्या, आणि भावजयीच्या डोक्यावर हात ठेवला. मग, स्वतःला सावरायला, भाच्यावर ओरडल्या, "म्हणजे ह्याचं जावळ आम्ही उगाच डोंगरावर दिलं तर!"

कुणी तरी हसणं गरजेचं होतं. पावनी हसली, मग मृण्मयी, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

शरत हसला नाही. तो बराच वेळ त्या निळ्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिला, कापडाचा पोत तपासावा तसं. मग त्यानं तो चौघडीचा कागद उचलला, उलगडला, पुन्हा घडी केला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"लॅब कधी उघडते?"

"सातला," पावनी म्हणाली. "पण मामा, आजच्या आज नको. आधी दोन-तीन दिवस... म्हणजे तुम्ही दोघांनी जरा..."

"कळलं, कळलं!"

"मग शुक्रवार," मृण्मयी म्हणाली. "मी येते बरोबर."

"तू कशाला?"

"रक्त घेताना अम्मांनी माझा हात धरला होता. तुझा मी धरते."

"बाटलीला हात कशाला धरावा लागतो?" गोदावरीबाईंनी अगदी निरागसपणे विचारलं, आणि ह्या वेळी शरतही सुटला नाही. तो हसला, कानापर्यंत लाल होत हसला, आणि हसण्याच्या शेवटी त्यानं आईकडे पाहिलं ते वेगळ्याच डोळ्यांनी. रोज अंगावर घालायच्या कोटाचं अस्तर कुणी उलटून दाखवावं तसं.

जानकीबाईंनी टेबलावरून लाल दोऱ्याचं रीळ घेतलं, सुई ओवली आणि ती मृण्मयीच्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. पुढच्या खेपेला पहिल्याच दिवशी टाका घाल. तूच घाल."

"अम्मा, पहिल्या दिवशी? सुईला हात?"

"अय्यो, जानकी," गोदावरीबाई म्हणाल्या, "देवाच्या कामाची पट्टी आहे ती."

"देवाला चुकीची मोजणी चालत असेल, वन्सं. मला नाही चालत." आणि मग जरा मऊ स्वरात त्या सुनेला म्हणाल्या, "टाकाच घालायची वेळ आली नाही, तर फारच बरं. पण आली, तर रडत नको घालूस. आपल्याला आता नीट मोजता येतं."

मृण्मयीनं सुई ओढणीच्या काठात टोचली, आणि त्याच हातानं सासूच्या मनगटाला क्षणभर घट्ट धरलं.

मग पानं घ्यायची म्हणून पोरी आत गेल्या. गोदावरीबाई, भात मऊ हवा, दात नाहीत, असं बजावत त्यांच्या मागून गेल्या. शरत खाली दुकानाचं कुलूप बघून येतो म्हणाला. सगळ्यांनाच थोडा थोडा एकांत हवा होता. वरच्या खोलीत दोघंच उरली, आणि मधे ती लांब पट्टी.

हमालांचं काम संपलं असावं. गल्ली शांत होती. जानकीबाई निळ्या टोकाकडून पट्टी गुंडाळू लागल्या. कृष्णमूर्तींनी आयुष्यभर लोकांच्या मापाची वाक्यं ऐकली होती, इथं सैल, तिथं घट्ट. स्वतःच्या मापाचं एक वाक्य त्यांना आज शिवायचं होतं, आणि कापड हाताला लागत नव्हतं. उपकार हा शब्द मनात आला. तो नव्या कॅनव्हाससारखा ताठ वाटला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"जानकी."

"हं."

"त्या दिवशी बसमध्ये तू बोललीस, त्यावर मी काहीच बोललो नव्हतो."

"उतरायची घाई होती तुम्हाला. स्टँड आला होता."

"स्टँड यायला तासभर होता." ते थांबले. "ह्या गल्लीत मी मान वर करून चाललो. ती मान तू दिलेली होती. मला रोज ठाऊक होतं ते. रोज. बोललो नाही, एवढंच. आज बोलतो."

जानकीबाई गुंडाळत राहिल्या. वीतभर कोरी जागा त्यांच्या बोटांखाली आली, तिथं त्यांचा हात किंचित मंदावला, आणि पुढं गेला.

"एकशे चार टाके," कृष्णमूर्ती म्हणाले. "त्यात एकदाही तुला माझा राग आला नाही?"

जानकीबाईंनी मान वर केली. नवऱ्याच्या कॉलरला नेहमीची सुई टोचलेली होती. जेवायला बसताना ती काढायची ते रोज विसरत. जानकीबाईंनी हात पुढं करून ती काढली, टेबलावरच्या गादीत खोचली, आणि जिथून सुई निघाली तिथं कॉलरवरून अंगठा फिरवला, शिवण बसवताना फिरवतात तसा, सावकाश, एकदा आणि पुन्हा एकदा. मग पट्टी काखेत धरून त्या स्वयंपाकघराकडे निघून गेल्या.